ब्रँचमध्ये २५ चे आणि ५८ चे एकत्र, मॅनेजरने काय करायचं

सरकारी बँकेची तालुक्याच्या गावातली ब्रँच घ्या. हेड कॅशियर ५८ वर्षांचे, शेजारच्या काउंटरवरची मुलगी २५ ची, आणि मॅनेजर म्हणून तुम्ही तेहतीस-चौतीसचे. पंचेचाळीशीचं कोणी शोधून सापडत नाही, कारण नव्वदच्या दशकात क्लार्क भरती जवळजवळ बंद होती, मग २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्तीत) सगळ्या सरकारी बँका मिळून लाखभर लोक बाहेर पडले, आणि मोठी भरती परत सुरू झाली ती एकदम २००८ च्या आसपास. दोघांची भाषा एकमेकांना समजावून सांगेल अशी मधली पिढीच ब्रँचमध्ये नाहीये, ते काम आता तुमचं.

सगळ्यात आधी पेन्शनचा विषय माहिती करून घ्या. बहुतेक सरकारी बँकांत १ एप्रिल २०१० पासून पुढे लागलेले सगळे एनपीएसमध्ये, म्हणजे पगारातून कापलेले पैसे बाजारात गुंतवणाऱ्या योजनेत, त्याआधीच्या बहुतेकांना जुनी, ठरलेली पेन्शन. टेबल शेजारी, काम तेच, पण म्हातारपण वेगळं. त्यामुळे लंच टाइममध्ये कोणीतरी 'तुम्हाला काय, पेन्शन आहे' म्हणतं आणि समोरून 'आम्ही संप केले, पगार कापून घेतले, तेव्हा मिळालं' असं येतं, आणि दोघंही खरंच बोलत असतात. हा प्रश्न ब्रँचमध्ये सुटणार नाही, तो युनियन आणि सरकारच्या पातळीवरचा आहे. पण कामावरून बोलाचाली चालू असताना कोणी मध्येच पेन्शन काढली तर तिथल्या तिथे थांबवा, दोन्ही बाजूंना सारखंच.

आता पासवर्ड. माझ्या मते हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे आणि बाहेरून बघणाऱ्याला तर भांडण नाही, प्रेमच दिसतं. सिनियरना सिस्टीममधला एखादा मेन्यू जमत नाही, काउंटरला गर्दी असते, मग ते म्हणतात 'बाळा, माझ्या आयडीने तूच कर ना', आणि पोरगा करून टाकतो. एन्ट्री करणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा असला पाहिजे हा नियम तिथे संपला, दोन्ही सह्या एकाच माणसाच्या झाल्या. उद्या त्या खात्यात काही गडबड निघाली तर रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेल्या माणसाची चौकशी लागते आणि नोकरीला दोन वर्षं झालेला पोरगाही त्यात अडकतो. नुसतं सर्क्युलर फिरवून हे थांबत नाही हो, कारण त्याच्या मुळाशी लाज असते. ज्या माणसाने हाताने लेजर लिहून महिन्याचं बॅलन्सिंग जुळवलंय, त्याला सगळ्यांसमोर 'हे कसं करायचं' विचारणं जड जातं.

म्हणून शिकवणं कस्टमरसमोर ठेवायचंच नाही. संध्याकाळी कॅश टॅली झाल्यावर वीस मिनिटं, एका वेळी एकच मेन्यू, आणि शिकवणाऱ्या पोराला आधीच सांगून ठेवा की माउस हातातून घ्यायचा नाही, कितीही वेळ लागला तरी. सिनियरना त्यांच्या वहीत त्यांच्या अक्षरात स्टेप्स लिहू द्या, मराठीत लिहिल्या तरी काय बिघडतं. 'सोपंय काका, बघा झालं पण' असं म्हणत भराभर क्लिक करून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे, त्यातून समोरच्याला एवढंच कळतं की आपण मागे पडलोय.

आणि शिकणं एकाच दिशेने नको, नाहीतर सिनियर कायमचे विद्यार्थी होऊन बसतात. वसुली त्यांच्या हातात द्या, म्हणजे खरोखर द्या. नवीन मुलं थकबाकीची लिस्ट दोन मिनिटांत काढतात, कुठल्या टर्म लोनची (हप्त्याच्या कर्जाची) थकबाकी ९० दिवसांकडे, म्हणजे एनपीए (थकीत कर्ज) होण्याकडे चाललीय, कुठलं पीक कर्ज दोन हंगाम थकलंय हे त्यांना बरोबर कळतं. पण कोणाचं उसाचं बिल अडकलंय, कुठल्या घरात भावाभावांची वाटणी चालू आहे, कोणाकडे पैसे असून तो देत नाही, हे त्या लिस्टमध्ये नसतं. गावात जाताना जोडी पाठवा आणि बोलायचं सिनियरनीच. परत आल्यावर पोरांनी ते फाइलमध्ये लिहून ठेवायचं, नाहीतर ती माहिती त्या माणसाबरोबर रिटायर होते.

हाक मारायचं पण बघा. काहींना 'काका' आवडतं, काहींना कस्टमरसमोर 'साहेब'च हवं असतं, एकदा विचारून घ्या ना. उलट बाजूने सिनियरनी नवीन ऑफिसर मुलीला 'ए बेटा, इकडे ये' म्हणणं बंद झालं पाहिजे, ती सही करते तिथे ती मॅडम आहे. हे तुम्ही त्यांना केबिनमध्ये बोलवून सांगा, तिच्यावर सोडू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री टार्गेट टाकू नका आणि कोणाची किती इन्शुरन्स पॉलिसी झाली नाही याची नावासकट यादी तर अजिबातच नको. पोरं ती म्यूट करतात, सिनियर मात्र रात्रभर मनाला लावून घेतात.

सुट्ट्यांचं सांगतो. गणपती-दिवाळीच्या रजा सिनियॉरिटीने वाटायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि बिहार-यूपीकडून आलेल्या मुलांना छठला घरी जायला मिळत नाही. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा रजेचा तक्ता त्याच्याही आधी सगळ्यांना बसवून ठरवा. गणपतीत गावचा माणूस घरी, छठला ते लांबचे घरी, अशी अदलाबदल सिनियर स्वतःहून करतात, फक्त कोणीतरी वेळेत विचारायला लागतं.

ज्यांच्या रिटायरमेंटला सहा महिने राहिलेत त्यांच्याबरोबर आत्तापासूनच एक नवीन माणूस लावा, लॉकरच्या जुन्या रजिस्टरपासून सुरुवात करा.