ब्लूबर्डची पेटी: या चुका टाळा

ब्लूबर्ड या निळ्या पक्ष्याच्या घरट्यासाठीच्या ज्या लाकडी पेटीकडे मार्च ते ऑगस्ट आठवड्यातून एकदा बघायला वेळ नाही, ती अंगणात लावूच नका. अमेरिकेच्या पूर्व भागात दर वसंतात त्याच त्या चुकांपायी ब्लूबर्डची अंडी-पिल्लं मरतात आणि पेटी लावणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ब्लूबर्डला स्वतः खोड पोखरता येत नाही. सुतारपक्ष्यानं सोडलेली किंवा खोड कुजून झालेली ढोली, नाहीतर माणसानं दिलेली पेटी, एवढाच त्याला आसरा. म्हणून तर लॉरेन्स झेलेनींनी १९७८ मध्ये नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी उभी केली आणि हजारो लोकांना पेट्या लावायला आणि त्यांच्यावर नजर ठेवायला शिकवलं. यातला दुसरा भाग लोक विसरतात.

चिमणीला पेटीत राहू देणं

मराठी घरांत ही गोष्ट सगळ्यात जड जाते. चिऊ-काऊच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला चिमणीचं घरटं काढून टाकायला सांगितलं की त्याचा हात थांबतो. महाराष्ट्रात चिमण्या दिसेनाशा झाल्या म्हणून लोक गॅलरीत खोके टांगतात, ते योग्यच आहे. पण अमेरिकेत हाच पक्षी पाहुणा आहे. १८५१ च्या सुमारास इंग्लंडहून आणून तो ब्रुकलिनमध्ये सोडला गेला आणि तिथून खंडभर पसरला. चिमणीची चोच दाणे फोडणारी, जाड. ब्लूबर्डची किडे टिपणारी, बारीक. पेटीच्या आत दोघं समोरासमोर आले तर निकाल ठरलेला असतो.

घटनाक्रम बहुतेक वेळा एकच असतो. एप्रिलच्या सुरुवातीला ब्लूबर्डची जोडी बारीक गवताचं नीटस वाटीसारखं घरटं बांधते. मादी रोज एक अशी चार-पाच फिकट निळी अंडी घालते. घरातले सगळे खूश. छपरावर एक चिमणा, छातीवर काळा डाग असलेला, सारखा चिवचिवाट करत बसलेला असतो, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मग चार दिवस पाऊस, पाहुणे, ऑफिस. पेटी उघडली जाते तेव्हा अंडी फोडलेली असतात, किंवा उबवायला बसलेली मादी डोक्यावर आणि डोळ्यांवर चोचीचे घाव बसून मेलेली असते. कधी कधी तिच्या अंगावरच चिमण्यानं गवत, पिसं आणि प्लास्टिकचे तुकडे टाकून नवं घरटं सुरू केलेलं असतं. दाराशी बसलेला चिमणा हीच पूर्वसूचना होती.

उपाय लहान भोकात शोधू नका. ब्लूबर्डला दीड इंची भोक लागतं आणि चिमणी सव्वा इंचातूनही आत जाते. दीड इंचानं फक्त युरोपीय स्टार्लिंग हा त्याहून मोठा पक्षी अडतो. खरं काम इथून सुरू होतं:

- स्वस्त मिश्र दाणा बंद करा. त्यातली बाजरीसारखी मिलेट आणि मक्याचा भरडा चिमण्यांना बोलावतो. ब्लूबर्ड तो खातही नाही.
- पेटी घर, गॅरेज आणि गोठ्यापासून जितकी दूर, उघड्या गवताळ जागेत नेता येईल तितकी न्या.
- ब्लूबर्डचं पहिलं अंडं दिसलं की त्याच दिवशी ‘स्पॅरो स्पूकर’, म्हणजे चिमण्यांना बिचकवणाऱ्या पट्ट्या, लावा. छपराच्या वर आडव्या काठीवरून मायलरच्या, म्हणजे चकचकीत प्लास्टिकच्या, पट्ट्या सोडायच्या, इतक्या लांब की त्या छपराला घासत हलतील. अंड्याआधी लावला तर ब्लूबर्ड बिचकून सोडून जातात आणि चिमण्यांना मात्र त्याची सवय होते.
- चिमणीचं घरटं नुसतं उपसत राहू नका. नर पेटीला चिकटलेला असतो. तो पुन्हा बांधतो आणि मधल्या वेळात शेजारच्या पेट्यांवर हल्ले करतो. चिमणा पकडायला पेटीतला सापळा लावायचा तर घरी असतानाच, दर अर्ध्या तासानं बघत. अडकलेला स्थानिक पक्षी लगेच सोडायचा. हे जमणार नसेल तर भोक बुजवा आणि पेटी काही आठवडे बंद ठेवा. ती बंद ठेवल्यानं निदान ब्लूबर्डचा सापळा होणार नाही.

आधी ओळख पक्की करा. चिमणीची अंडी मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची, आणि घरटं ओबडधोबड, बहुधा वरून झाकलेलं. शेवाळ आणि केसांची मऊ गादी दिसली तर तो चिकडी. गवतावर पांढरी पिसं आणि शुभ्र अंडी असतील तर ट्री स्वॉलो. हे दोघं आणि ब्लूबर्ड १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांच्या अंड्यांना हात लावायचा नाही. चिमणी आणि स्टार्लिंग परदेशी म्हणून त्या संरक्षणात येत नाहीत.

झाडावर किंवा कुंपणावर पेटी ठोकणं

ही दुसरी चूक, आणि तिला निव्वळ घाई कारणीभूत असते. झाड हाताशी आहे, दोन खिळे मारले की झालं. पण खोड आणि कुंपण म्हणजे रॅकून, मांजर आणि काळ्या रॅट स्नेकचा जिना. रॅकून भोकातून पंजा घालून पिल्लं ओढून काढतो, मागे गवत बाहेर लोंबतं. साप काहीच मागे ठेवत नाही. घरटं जसंच्या तसं, पिल्लं गायब. लोक म्हणतात, ‘उडून गेली’. पाच दिवसांची पिल्लं उडत नाहीत.

खांब असा उभा करा. अर्धा इंची, चार फुटी सळई दोन फूट जमिनीत ठोका. त्याआधी ८११ ला फोन करून खालून गॅस किंवा विजेची लाइन जाते का ते विचारा, ही सेवा फुकट आहे. सळईवर पाऊण इंची कंड्युट पाइप (वायरिंगचा धातूचा पाइप) बसवा. तो दहा फुटी मिळतो, सहा फुटांचा तुकडा कापून घ्या. पेटी भोकापर्यंत साधारण पाच-साडेपाच फुटांवर येऊ द्या. आता बॅफल, म्हणजे खांबावर चढणाऱ्यांना अडवणारी नळी: आठ इंच व्यासाची, दोन फूट लांबीची पत्र्याची स्टोव्हपाइप, वरचं तोंड अर्धा इंची जाळीनं बंद, मधून फक्त पाइप जाईल एवढं भोक. ही नळी पेटीच्या तळाखाली पट्टीवर अशी टेकवा की ती डुगडुगेल. साप नळीच्या आत वर चढतो, जाळीला डोकं लागतं आणि परत फिरतो. जाळीच विसरली तर सापाला सरळ वाट मिळते. खांबाला ग्रीस चोपडण्याचा ‘सोपा’ उपाय नको. उन्हात ते वाळतं आणि पक्ष्यांच्या पिसांना लागलं तर नुकसान होतं. मुंग्यांसाठी बॅफलच्या आत, खांबावर व्हॅसलीनचा बोटभर पट्टा पुरतो.

शोभेच्या पेट्या

भोकाखाली बसायची दांडी, चकचकीत रंग, न उघडणारं झाकण. ही पेटी दिवाणखान्यात ठेवा. दांडीची गरज ब्लूबर्डला नाही, चिमणीला आहे. पाऊण इंच जाडीचं, रसायनं न मुरवलेलं सीडर किंवा पाइन घ्या. आतून रंग नाही, बाहेरून दिलाच तर फिका. तळ चार-पाच इंच चौरस, कोपऱ्यांत पाणी निचरायला पाव इंची भोकं, छपराखाली दोन्ही बाजूंना हवेची फट. गडद पेटी जुलैच्या उन्हात भट्टी होते, आतलं तापमान १०७ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की अंडी-पिल्लं धोक्यात येतात. एक बाजू उघडती हवी, आणि ती स्क्रूनं बंद करा, रॅकूनला कडी काढता येते.

चुकीच्या दिवशी उघडणं

माणसाचा हात लागला की पक्षी घरटं टाकतात, हा समज खोटा आहे. पण वेळ चुकली तर नुकसान होतं. भल्या पहाटे आणि थंड पावसात उघडू नका. तारखा लिहून ठेवायची सवय लावा. पहिलं अंडं १० एप्रिलला आणि एकूण पाच, तर शेवटचं १४ ला. उबवणं साधारण तेव्हापासून, म्हणजे पिल्लं २७-२८ च्या सुमारास. बारा-तेरा दिवसांची झाली, म्हणजे १० मे आला, की पेटी उघडणं बंद. त्यानंतर झाकण काढलं तर घाबरून पिल्लं न उडता येताच बाहेर उड्या मारतात. ती सतराव्या-अठराव्या दिवशी आपणहून जातात. तोवर लांबून दुर्बिणीनं बघा. मोबाइलवर फोटो काढायच्या हौसेपायी चौदाव्या दिवशी झाकण उघडणाऱ्यांना पेटी देऊच नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. दोन ब्लूबर्ड पेट्यांत शंभर यार्ड अंतर ठेवा, नाहीतर नर भांडत बसतात. ट्री स्वॉलो फार असतील तर पंधरा-वीस फुटांवर दुसरी पेटी लावा. स्वॉलो आपल्याच जातीला शेजारी येऊ देत नाही, ब्लूबर्डला देतो. झुडपांजवळ पेटी लावली की हाउस रेन हा छोटा पक्षी काड्यांनी ती भरतो आणि शेजाऱ्यांची अंडी टोचतो. तोही संरक्षित आहे, म्हणून झुडपांपासून शंभर फूट दूर राहा. गांधीलमाशा छतावर घर करू लागल्या तर आतून छताला कोरडा साबण घासा, कीटकनाशक कधीही फवारू नका. घरट्यात ब्लोफ्लाय या माशीच्या राखाडी अळ्या दिसल्या तर ओलं गवत काढून कोरडं बारीक गवत वाटीसारखं भरा, पिल्लं त्यात परत ठेवा, दहा मिनिटांत उरका.

पिल्लं उडाली की जुनं घरटं काढून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, खांबाखाली फेकू नका, वासानं रॅकून येतो. दुसरी वीण त्याच पेटीत बहुधा होते. हिवाळ्यात पेटी उतरवू नका, कडक थंडीच्या रात्री पाच-सहा ब्लूबर्ड एकत्र आत झोपतात. फेब्रुवारीच्या अखेरीला झाडून घ्या, स्क्रू आवळा, बॅफल वाकलाय का बघा.