नवा गेम घेताना: बग, अर्धवट रिलीज आणि डीएलसीचा हिशेब

स्टीमवरचा (पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातला) गेम परत करायचा तर खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असावा. एपिक स्टोअरचा नियमही साधारण हाच. अर्धवट गेम गळ्यात पडला तर आपल्या हातात एवढंच हत्यार असतं, म्हणून ते दोन तास कथा बघण्यात घालवू नका, गेम तपासण्यात घालवा.

घड्याळ गेम सुरू केल्यापासून चालतं. स्टीमने डाउनलोड करायला घेतलेला वेळ त्यात धरत नाहीत, पण मेनू उघडा ठेवून जेवायला बसलात तर ती मिनिटं धरतात. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होताना जाणारा वेळही धरतात. काही गेम आधी नुसता लाँचर (गेम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) उतरवतात आणि बाकीचा माल लाँचर उघडल्यावर खेचतात. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हेच झालं, डाउनलोडचे तास खेळण्याच्या खात्यात जमा झाले. ४० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला साडेपाच तास लागतात, म्हणजे रिफंडची मुदत तिथेच खलास. त्यामुळे स्टोअरच्या पानावर १०० जीबी जागा मागितली असेल आणि स्टीमने उतरवलेला गेम दोन-तीन जीबीचाच निघाला, तर सुरू करण्याआधी रिव्ह्यू वाचा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेस’ (रिलीजच्या आधी खेळायची मुभा) घेऊन आधी खेळलेला वेळही एप्रिल २०२४ पासून दोन तासांत मोजला जातो.

तपासणी अशी करा: ग्राफिक्स मीडियमवर, एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा चालू. सुरुवातीचा बंदिस्त भाग सगळ्यांचाच गुळगुळीत चालतो, तो लवकर उरकून मोकळ्या, गर्दीच्या जागी पोहोचा. तिथे सेव्ह करा, गेम पूर्ण बंद करा, परत लोड करा. बरेचसे बग (प्रोग्राममधल्या चुका) याच एका फेरीत तोंड दाखवतात.

आता खानदेशातली खास अडचण. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. लॅपटॉप बाहेरचीच हवा आत ओढतो. प्रोसेसर आपल्या मर्यादेला (इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिपांना ती १०० अंश असते) टेकला की स्वतःच वेग कमी करतो. एफपीएस ६० वरून २५ वर येतो आणि शिव्या मात्र गेमवाल्यांना बसतात. ओळखायची खूण सोपी आहे. नेमक्या त्याच जागी, त्याच मिशनला गेम पडत असेल तर बग किंवा खराब फाइल. कुठेही, पण वीस-तीस मिनिटांनीच, दुपारी पडतो आणि पहाटे नाही, तर उष्णता. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) उघडून आकडा बघा. एफपीएसला ४५ किंवा ६० ची मर्यादा घाला. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के केली की अनेक लॅपटॉपवर टर्बो (प्रोसेसरचा वाढीव वेग) बंद पडतो आणि तापमान लगेच उतरतं. कुलरचा झोत मात्र थेट मशीनवर घेऊ नका, बोअरच्या पाण्याचे तुषार आत जाऊन क्षार साचतात.

दुसरं लाइटचं. डीपीवर लोड आला की व्होल्टेज खालीवर होतं आणि पीसी एकदम बंद पडतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी नोंद दिसली तर मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं होतं. तेव्हा गेमच्या आधी वीज, यूपीएस आणि एसएमपीएस (पीसीच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा) तपासा. सेव्ह होत असतानाच लाइट गेली तर फाइल मोडते, म्हणून आठवड्यातून एकदा सेव्हचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. तो बहुधा डॉक्युमेंट्समध्ये, सेव्ह्ड गेम्समध्ये किंवा अ‍ॅपडेटामध्ये असतो. लाइट आल्यावर स्टीमने ‘क्लाउड की लोकल’ (स्टीमच्या सर्व्हरवरची सेव्ह की तुमच्या मशीनवरची) विचारलं तर घाईत बटण दाबू नका. दोन्हींपुढची तारीख-वेळ वाचा, चुकीचं निवडलं तर चांगली सेव्ह पुसली जाते.

दोष गेमचाच वाटला तर आधी लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे फाइल्स तपासायचा पर्याय. खराब तेवढंच परत उतरतं, सगळा गेम नाही. मग ग्राफिक्स ड्रायव्हर, मग शेडर कॅश (साठवून ठेवलेले शेडर) साफ. नव्या पॅचनंतर (कंपनीच्या दुरुस्ती अपडेटनंतर) बिघडलं असेल तर प्रॉपर्टीजमधला ‘बीटाज’ बघा, काही कंपन्या जुनी आवृत्ती तिथे ठेवतात. एवढं करून दोन तासांच्या आत सुटलं नाही तर सरळ रिफंड मागा. पुढच्या पॅचची वाट बघत मुदत घालवण्यात अर्थ नाही.

खरं तर पहिल्या दिवशी घ्यायचंच कशाला? सायबरपंक २०७७ हा १० डिसेंबर २०२० ला आला आणि आठवडाभरात सोनीने प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, परत आला जून २०२१ मध्ये. २.० ही आवृत्ती मिळायला सप्टेंबर २०२३ उजाडला. थांबलेल्याला चांगला गेम मिळाला, तोही सेलच्या भावात. रिव्ह्यू बघताना एकूण टक्केवारीपेक्षा ‘रिसेंट’ बघा, पॅचने काय सुधारलं ते तिथे कळतं. ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ (अजून बनत असलेला गेम) लिहिलेलं असेल तर आज आहे तेवढ्याचेच पैसे द्या. पुढे काय येणार याची यादी हिशेबात धरू नका.

डीएलसीत (मूळ गेमवर वेगळी विकली जाणारी भर) दोन जाती. एक सजावटीची: २००६ मध्ये ऑब्लिव्हियनने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं, तेव्हापासून चालू आहे, घेतलं नाही तरी काही अडत नाही. दुसरी खरी भर, जशी विचर ३ ची ‘ब्लड अँड वाइन’. सीझन पास म्हणजे न बनलेल्या मालाची आगाऊ रक्कम, आत नेमकं काय ते जाहीर होईपर्यंत घेऊ नये. मूळ गेम संपवल्याशिवाय तर कुठलीच डीएलसी नको. स्टीमवर डीएलसीही १४ दिवसांत परत होते, पण ती घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांहून कमी खेळलेला हवा.

एपिकवरच्या गेमला स्टीमची डीएलसी लागत नाही. जुनी डिस्क विकत घेणाऱ्यांनी तिचा प्रदेश बघावा: प्लेस्टेशनची डिस्क एका प्रदेशाची आणि अकाउंट दुसऱ्या प्रदेशाचं असेल तर स्टोअरवरून घेतलेली डीएलसी तिला जुळत नाही. डिस्कच्या कव्हरच्या कण्यावरचा कोड (पीएस४ ला ‘सीयूएसए’, पीएस५ ला ‘पीपीएसए’) दुकानातच नेटवर शोधून मग पैसे द्या.