लिथुएनियाच्या कम्युनिस्ट पक्षाचा इतिहास लिहायला घेताना

सोव्हिएत प्रजासत्ताकातल्या सत्ताधारी पक्षावर लिहायला बसलं, की पहिला मोह होतो तो फर्स्ट सेक्रेटरींच्या (पक्षाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसांच्या) नावाने प्रकरणं पाडायचा. लिथुएनियाच्या बाबतीत त्याने फार नुकसान होतं. आन्तानस स्नेचकुस १९४० पासून जानेवारी १९७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. एकाच प्रकरणात ३४ वर्षं कोंबली जातात आणि मॉस्कोचा हात कधी घट्ट झाला, कधी सैल, तेच दिसेनासं होतं.

म्हणून आधी तीन रकाने आखा: वर्ष, फर्स्ट सेक्रेटरी, सेकंड सेक्रेटरी. खरा इतिहास बहुतेक तिसऱ्या रकान्यात सापडतो. सेकंड सेक्रेटरी सहसा मॉस्कोहून आलेला रशियन असे आणि पदांवर कुणाला नेमायचं यावर त्याची नजर असे. रकान्यांच्या वर १९४४ ते १९४६ अशी एक पट्टी रंगवा. त्या काळात मिखाईल सुस्लोव यांच्या हाताखाली मॉस्कोने नेमलेला वेगळा ब्यूरो स्थानिक पक्षाच्या डोक्यावर बसलेला होता. मे १९५३ लाही खूण करा, कारण सोव्हिएत गृहमंत्री बेरियाच्या टिपणानंतर लिथुएनियन माणसांना वरच्या जागा मिळू लागल्या. तिसरी खूण १९८८ च्या शेवटी: मॉस्कोहून आलेले सेकंड सेक्रेटरी मित्किन यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी आले बेरेझोव्हस, रशियन खरे, पण लिथुएनियातच मुरलेले.

मग पक्षाचं नाव. स्थापना १९१८ ची, १९४० पर्यंत बहुतेक काळ भूमिगत, ऑक्टोबर १९४० मध्ये सोव्हिएत पक्षात विलीन. तेव्हापासून १९५२ पर्यंत नावापुढे कंसात ‘बी’ (बोल्शेविक) लागतो, नंतर नाही. तारीख नसलेला कागद १९५२ च्या आधीचा की नंतरचा, हे या एका अक्षरावरून बरंचसं कळतं.

सर्वांत जास्त घोळ होतो काँग्रेसच्या, म्हणजे पक्षाच्या महाअधिवेशनाच्या, क्रमांकात. ‘२० वी काँग्रेस’ वाचलं की डोक्यात येते १९५६, म्हणजे ख्रुश्चेव्ह यांचं स्टॅलिनवरचं भाषण. लिथुएनियाच्या पक्षाची २० वी काँग्रेस मात्र डिसेंबर १९८९ ची. क्रमांकाशेजारी पक्ष आणि वर्ष न लिहिता एकही टिपण ठेवू नका.

मूळ कागद व्हिल्निअसच्या लिथुएनियन विशेष अभिलेखागारात आहेत. केंद्रीय समितीचा संग्रह १७७१ क्रमांकाचा. संदर्भ चार पायऱ्यांनी उतरतो: फ. (संग्रह), अप. (सूची), ब. (फाइल), ल. (पान). चारही उतरवून घ्या. सूचीचा आकडा राहिला, तर नुसत्या फाइल क्रमांकावरून तो कागद पुन्हा हाती लागत नाही, कारण प्रत्येक सूचीत फाइलींचे आकडे नव्याने सुरू होतात.

नावं दोन भाषांत येतात. ग्रिशकेव्हिचुस (स्नेचकुस यांचे उत्तराधिकारी, १९७४ ते १९८७) रशियन कागदांत ‘ग्रिश्क्याविचुस’ होतात. पहिल्याच दिवशी एकच रूप ठरवलं नाही, तर तुमच्या नावांच्या यादीत एका माणसाचे दोन होतात.

सदस्यसंख्येत पूर्ण सदस्य आणि उमेदवार (अजून परीक्षेवर असलेले) सदस्य वेगळे मोजा, आणि राष्ट्रीयत्वाचा रकाना सोडू नका. युद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत या पक्षात लिथुएनियनच अल्पसंख्य होते. नुसत्या एकूण आकड्यावरून हे कधीच कळणार नाही. पक्षाने स्वतः छापलेले इतिहास तारखांसाठी उपयोगी, माणसांसाठी नाही: १९३८ मध्ये मॉस्कोत अटक झालेले आंगारेतिस यांच्यासारखे जुने नेते स्टॅलिनच्या काळातल्या मजकुरातून गायब असतात.

शेवटची दोन वर्षं सावकाश लिहा. २० व्या काँग्रेसमध्ये फर्स्ट सेक्रेटरी ब्राझाउस्कस यांच्या नेतृत्वाखाली बहुमताने मॉस्कोच्या पक्षापासून फारकत घेतली. उरलेल्यांनी बुरोकेव्हिचुस यांच्यामागे जाऊन तेच नाव चालू ठेवलं. म्हणजे १९९० मधल्या प्रत्येक कागदावर ‘कोणता पक्ष?’ हे पेन्सिलीने लिहावंच लागतं. ब्राझाउस्कस यांच्या पक्षाने डिसेंबर १९९० मध्ये लोकशाही श्रमिक पक्ष असं नाव घेतलं आणि १९९२ ची निवडणूक जिंकली. ऑगस्ट १९९१ मध्ये बंदी आली ती बुरोकेव्हिचुस यांच्या पक्षावर.