ईएमएम टायपिंग शिकताय? आधी प्लेट नीट करा

ईएमएम टायपिंग म्हणजे जंतूच्या एम प्रथिनाच्या जनुकाचा (ईएमएम) क्रम वाचून त्याचा टाइप ठरवणं. गट-अ स्ट्रेप्टोकॉकसवर, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीसवर काम करायला आलेल्या नव्या मुलांचा सगळा जीव पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) आणि सीक्वेन्सिंगमध्ये (डीएनएचा क्रम वाचणं) अडकलेला असतो. घोळ बहुतेक वेळा त्याच्या दोन दिवस आधीच, प्लेटवर झालेला असतो.

घशाचा स्वॅब ५ टक्के मेंढीच्या रक्ताच्या अगारवर लावा, लूपने अगारमध्ये दोन-तीन ठिकाणी टोचा आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवा. टोचायचं अशासाठी की स्ट्रेप्टोलायसिन-ओ (लाल पेशी फोडणारं या जंतूचं विष) हवेतल्या ऑक्सिजनने निकामी होतं. अगारच्या आत ते टिकतं आणि बीटा हिमोलिसिस, म्हणजे रक्त विरघळून कॉलनीभोवती पडणारं पारदर्शक वलय, स्वच्छ दिसतो. मेंढीचं रक्त मिळत नाही म्हणून काही लॅबमध्ये ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त वापरतात. हे करू नका. त्यात दात्याची स्ट्रेप्टोलायसिन-ओविरुद्धची (एएसओ) प्रतिपिंडं असू शकतात, कधी अँटिबायोटिकचा अंशही असतो. मग कॉलनी वाढते, पण वलय अर्धवट येतं.

कॅटलेज चाचणीसाठी (हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडबुडे आले तर तो स्ट्रेप्टोकॉकस नाही) कॉलनी लाकडी काडीने वरच्या वर उचला. खालचं रक्त सोबत आलं की लाल पेशींमधलं कॅटलेज बुडबुडे काढतं आणि चांगला स्ट्रेप्टोकॉकस स्टॅफिलोकॉकस समजून बाद होतो.

बॅसिट्रॅसिन या अँटिबायोटिकची डिस्क (गट-अ तिच्याभोवती वाढत नाही, मोकळं वलय सोडतो) ०.०४ युनिटचीच हवी. फ्रिजमध्ये शेजारी १० युनिटची असते, ती हिमोफिलससाठी; तिने भलतेच जंतूही ‘संवेदनशील’ दिसतात. बरोबर डिस्क लावली तरी गट सी आणि जीचे काही जंतू वलय देतात, म्हणून पीवायआर ही एन्झाइम ओळखणारी रंगचाचणी करायचीच. त्यात गट-अ लाल होतो. एंटरोकॉकसही होतो, हे विसरू नका. लॅटेक्सवर (गटाचं प्रतिजन ओळखणाऱ्या चाचणीत) ‘ए’ आलं, पण कॉलनी टाचणीच्या टोकाएवढी, वास लोण्या-कॅरॅमेलसारखा आणि पीवायआर निगेटिव्ह, तर तो अँजिनोसस या वेगळ्या स्ट्रेप्टोकॉकस प्रजातींच्या गटातला पाहुणा. कारण सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३मध्ये मांडलेले ए, सी, जी वगैरे गट पेशीभित्तिकेतल्या प्रतिजनावर बेतलेले आहेत, प्रजातीवर नाही.

एकाच कॉलनीपासून पुन्हा प्लेट केल्याशिवाय डीएनए काढू नका. साधा लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) पुरतो: वाढ सलाइनमध्ये घेऊन ७० अंशांवर १५ मिनिटं, सेंट्रिफ्यूज, मग टीई बफरमध्ये म्युटॅनोलायसिन (पेशीभित्तिका फोडणारं एन्झाइम) आणि हायल्युरोनिडेज घालून ३७ अंशांवर अर्धा तास, शेवटी १०० अंशांवर १० मिनिटं. हायल्युरोनिडेज टाळायचा मोह होतो. पण म्युकॉइड (बुळबुळीत कॉलनीच्या) जंतूंचं कॅप्सूल, म्हणजे बाहेरचं आवरण, हायल्युरोनिक आम्लाचं असतं. ते तसंच राहिलं तर लायसेट चिकट होतो आणि पीसीआर फसतो.

पीसीआरनंतर जेलवर दिसणारा ईएमएमचा बँड (डीएनएची पट्टी) सगळ्या जंतूंमध्ये एकाच लांबीचा येत नाही. जनुकातली पुनरावृत्ती कमी-जास्त असते, त्यामुळे जेलवर तो वर-खाली दिसला म्हणून घाबरू नका. दोन बँड किंवा क्रोमॅटोग्रामवर (सीक्वेन्सिंगच्या आलेखावर) जोडशिखरं आली तर मात्र थांबा. कल्चर मिश्र आहे, किंवा शेजारची एमआरपी वा ईएनएन ही जुळी जनुकं वाढली आहेत. अशा जोडशिखराला सॉफ्टवेअरने दिलेलं बेसचं (डीएनएच्या घटकाचं) अक्षर तसंच घेऊन शोध चालवला की भलताच टाइप हाती पडतो. टाइप ठरतो परिपक्व एम प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागाच्या ९० बेसवर, ज्ञात टाइपशी किमान ९२ टक्के साम्य असेल तर. उपटाइपसाठी १८० बेसचा भाग बघतात. ‘ईएमएम १’ (टाइप) आणि ‘ईएमएम १.०’ (उपटाइप) म्हणूनच अहवालात वेगळे लिहायचे.

उद्रेकाचा माग काढायचा असेल तर ईएमएम एकटं अपुरं आहे. २०१९मध्ये वर्णन झालेला ब्रिटनमधला एम१-यूके हा वंश जुन्या एम१पेक्षा २७ न्यूक्लिओटाइडच्या बदलांनी वेगळा आहे. टायपिंगमध्ये दोन्ही ईएमएम १च दिसतात. तिथे संपूर्ण जीनोम लागतो. त्यासाठी मूळ शुद्ध कॉलनी १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर पहिल्याच दिवशी ठेवा. प्लेटवरून प्लेटवर फिरवत राहिलात तर एम प्रथिन आणि कॅप्सूल दोन्ही घटू शकतात.