ट्रकचं नवं लायसन्स, आणि काम जवळपासचंच हवंय?

सुरुवातीलाच मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या मागे लागू नका. अनुभव नसलेल्या ड्रायव्हरच्या हाती गाडी द्यायला त्या बऱ्याचदा कचरतात. खडी-वाळू, दूध, कचरागाडी, गोदाम ते दुकान अशा फेऱ्यांत गाडी त्याच दिवशी परत येते. तिथे रजेवर गेलेल्याच्या जागी बदली ड्रायव्हर म्हणून शिरकाव करा. फोनपेक्षा प्रत्यक्ष जा, तेही गाड्या सुटून यार्ड शांत झाल्यावर.

ट्रायलमध्ये खरी परीक्षा रिव्हर्सची. आधी सीट अशी घ्या की क्लच पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहील. आरसे त्यानंतर लावा, कारण सीट हलली की आरशातलं सगळंच बदलतं. मागे घेताना शंका आली, की हँडब्रेक लावा, उतरा, बघून या. कुणी हसलं तर हसू दे. गाडीच्या बरोब्बर मागचा खांब आरशात दिसत नाही. मी तर दोनदा उतरते.

पगार विचारण्याआधी हे विचारा: माल चढवायचा-उतरवायचा कुणी? उशीर झाला तर ओव्हरटाइम मिळतो का? आणि माल उतरवतात तिथे बायकांसाठी टॉयलेट आहे का? हा प्रश्न संकोचून गिळू नका, दिवसभर पाणी न पिता गाडी चालवणं फार दिवस जमत नाही.