कोकणावरच्या प्रश्नांचे पत्ते घरच्या घरी कसे तयार करावेत

गणपतीत घर भरते, आरती आणि जेवणे आटोपतात, आणि मग ओटीवर बसलेल्या लहानथोरांना एकत्र गुंतवील असा काही खेळ लागतो. प्रश्नमंजूषेचा पटावरचा खेळ त्यासाठी उत्तम. पण विकतच्या संचातले प्रश्न बहुधा दूरदेशीच्या नट-नट्यांचे आणि राजधान्यांचे असतात, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी व गावची मंडळी दोघेही सारखेच गप्प बसतात. अशा वेळी पट, फासा आणि सोंगट्या विकतच्याच ठेवून पत्ते तेवढे आपले करावेत. छपाई ही त्यातली सोपी बाजू आहे. खरी मेहनत प्रश्नांची आहे, आणि सवडीतला बराचसा वेळ तिकडेच द्यावा.

आधी हिशेब

१९७९ साली कॅनडात सुचलेल्या ‘ट्रिव्हियल परस्यूट’ या खेळाने सहा विषय आणि सहा रंग रूढ केले. तुमचा पट तसा असेल, तर प्रत्येक पत्त्यावर सहा प्रश्न येतील. ए-फोर कागदावर ६३ × ८८ मिलिमीटरचे नऊ पत्ते नीट बसतात, म्हणजे सहा कागदांत ५४ पत्ते आणि ३२४ प्रश्न होतात. पहिल्या वर्षी एवढे पुरे. विषय ठरवताना किल्ले व समुद्र, माणसे, झाडे-फळे-मासे, खाणेपिणे, बोली व म्हणी, आणि रस्ते-रेल्वे अशी वाटणी केली, तर आजीला आणि कॉलेजातल्या नातवाला सारखीच संधी मिळते. प्रत्येक विषयाला रंगाबरोबर एक लहानसे चिन्हही द्यावे, कारण ऐन गणपतीत वीज गेली की बॅटरीच्या उजेडात तांबडा आणि नारिंगी ओळखणे कठीण जाते.

प्रश्न कसा असावा

प्रश्नाला उत्तर एकच असावे, आणि ते ज्याला आले नाही त्यालाही ऐकल्यावर ‘अरे, हो की’ वाटावे. ‘थिबा राजवाडा कोणत्या साली बांधून झाला?’ हा प्रश्न चूक नाही, उत्तर १९१० आहे. परंतु ते पाठ असेल तरच येते. त्याऐवजी ‘रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात इंग्रजांनी कोणत्या देशाच्या पदच्युत राजाला ठेवले होते?’ असे विचारले, तर विचार करायला जागा राहते आणि ब्रह्मदेश हे उत्तर कोणीतरी काढतेच. सालाचे प्रश्न मोजकेच ठेवावेत, तेही ज्या तारखेला काही अर्थ आहे अशा गोष्टींचे. रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. महाराष्ट्र दिनाच्या आधाराने ही तारीख ओळखता येते.

ऐकीव माहितीवर प्रश्न काढू नये, हा धडा मला विजयदुर्गाने शिकवला. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे आमच्याकडे सर्रास सांगतात, आणि मीही तसाच पत्ता केला होता. छापण्यापूर्वी पडताळून पाहिले, तेव्हा चित्र वेगळे निघाले. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. लॉकियर विजयदुर्गला आले ते पुढे, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. प्रश्न टाकून न देता मी तो फिरवून घेतला: ‘हेलियमच्या शोधाशी नाव जोडलेले लॉकियर १८९८चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी कोकणातील कोणत्या किल्ल्यावर उतरले होते?’ किल्ला तोच राहिला आणि पत्ता खरा झाला.

नावांचा घोळ हा दुसरा धोका. नुसते ‘मुरूड’ म्हटले, तर रायगडकराच्या डोळ्यांसमोर जंजिरा येतो आणि दापोलीकराच्या डोळ्यांसमोर महर्षी कर्वे. म्हणून तालुका लिहावाच. कर्व्यांबाबत तर आणखी एक पायरी सांभाळावी लागते, कारण त्यांचे गाव मुरूड असले, तरी जन्म शेरवलीचा. ‘गाव कोणते’ आणि ‘जन्म कोठे’ हे दोन निराळे प्रश्न आहेत.

बोलीभाषेमुळे बरोबर उत्तरेही अनेक होतात. रातांब्याच्या वाळवलेल्या सालीला कोणी आमसूल म्हणेल, कोणी सोल, कोणी कोकम. पत्त्याच्या पाठीवर, उत्तराच्या जागी, तिन्ही शब्द छापावेत, नाहीतर भांडण अटळ आहे. ‘सर्वांत लांब’, ‘सर्वांत मोठा’ अशा प्रश्नांना चौकट घालावी. ‘कोकण रेल्वेवरील सर्वांत लांब बोगदा कोणता?’ याचे उत्तर सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. पण ‘देशातील’ असा शब्द घातला, तर पत्ता चूक ठरतो.

तक्ता आणि मांडणी

सगळे प्रश्न एका स्प्रेडशीटमध्ये भरावेत: एका ओळीत एक पत्ता, सहा रकाने प्रश्नांचे, सहा उत्तरांचे आणि एक पत्त्याच्या क्रमांकाचा. क्रमांक दोन्ही बाजूंना छापावा. त्याचा उपयोग पुढे कळेल. नंतर वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये तीन रकाने व तीन ओळींची सारणी करून प्रत्येक घर ६३ × ८८ मिलिमीटरचे ठेवावे. असे केल्यावर डावी-उजवीकडे साडेदहा आणि वर-खाली साडेसोळा मिलिमीटर जागा उरते. मेल मर्जने (तक्त्यातला मजकूर घराघरांत आपोआप भरणाऱ्या सोयीने) तक्ता जोडताना पहिले घर सोडून बाकी प्रत्येक घराच्या सुरुवातीला ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ हे फील्ड घालावे, नाहीतर नऊही घरांत पहिलाच पत्ता येतो.

अक्षर नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त यांसारख्या युनिकोड फाँटचे घ्यावे. वेलांट्या, उकार आणि रफार एकमेकांत अडकू नयेत, म्हणून ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे सैल ठेवावे. सहा प्रश्न मावत नसतील, तर अक्षर बारीक न करता प्रश्न कापावा. बहुतेक प्रश्नांतून चार शब्द निघतातच.

पाठपोट छपाई

कागद लांब कडेवर उलटला की डावा रकाना उजवीकडे जातो. म्हणून उत्तरांच्या पानासाठी तक्त्याची वेगळी प्रत करून तिच्यातील ओळींचा क्रम ३, २, १, ६, ५, ४, ९, ८, ७ असा लावावा आणि पुढच्या प्रत्येक नऊ पत्त्यांसाठी हीच रीत ठेवावी. फाइल झेरॉक्सवाल्याकडे नेताना पीडीएफ करूनच न्यावी. मूळ फाइल नेली आणि त्याच्या संगणकावर तो फाँट नसला, तर जोडाक्षरे फुटतात किंवा मजकूर पुढच्या पानावर सरकतो.

दुकानात दोन गोष्टी स्वतः पाहून घ्याव्यात. छपाईचे प्रमाण शंभर टक्के असावे, ‘फिट टू पेज’ नव्हे. आणि पान ‘लाँग एज’वर उलटणारे असावे. माझ्या पहिल्या खेपेला ते ‘शॉर्ट एज’वर राहून गेले. पहिल्या पत्त्याच्या पाठीवर नवव्याची उत्तरे आली, दुसऱ्याच्या आठव्याची, आणि जुळला तो फक्त मधला पाचवा, तोही उलटा! पत्त्यांवर क्रमांक होते, म्हणून ही चूक पहिल्याच कागदावर लक्षात आली. तेव्हा आधी साध्या कागदावर एक प्रत काढावी, ती खिडकीच्या काचेवर धरून क्रमांक एकमेकांमागे येतात का ते पाहावे, आणि मगच जाड कागद लावायला सांगावा.

कागद, कापणी आणि दमट हवा

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड घ्यावा. घरच्या साध्या प्रिंटरला तो सहसा झेपत नाही. त्या प्रिंटरची शाईही पावसाळी हवेत घामेजल्या बोटांनी पसरते, म्हणून लेझर छपाईच बरी. कापण्यासाठी लोखंडी पट्टी आणि नवे पाते लावलेला कटर वापरावा. एका दमात आरपार न कापता हलक्या हाताने तीनदा पाते फिरवले की कड भुरभुरत नाही.

लॅमिनेशन करायचे असल्यास अख्खा कागद करून मग कापू नये, कारण उघड्या कडांतून ओल आत शिरते आणि भाद्रपद संपेपर्यंत थर सुटू लागतात. पत्ते आधी कापून, पाकिटात एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवून चिकटवावेत आणि भोवती दोन मिलिमीटर कड राखून पुन्हा कापावे. हे किचकट वाटत असेल, तर लॅमिनेशनचा नाद सोडून पत्ते झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवावेत.

डब्यात एक पेन्सिलही ठेवावी. खेळताना कोणी उत्तरावर हरकत घेतली, तर त्या पत्त्याचा क्रमांक झाकणाच्या आत लिहून ठेवावा, सवडीने पडताळून तक्त्यात दुरुस्ती करावी, आणि पुढच्या चतुर्थीपूर्वी तेवढाच कागद पुन्हा छापून घ्यावा.