घरच्या कराओकेसाठी माईक, मिक्सर आणि स्पीकर कसे निवडावेत

मावशीच्या एकसष्टीला आम्ही हॉलमध्ये कराओके लावला होता. ब्लूटूथ स्पीकर महागातला, आवाज खणखणीत. तरी भजनी मंडळात वर्षानुवर्षं झांजा वाजवणारी मावशी प्रत्येक अंतऱ्यात मागे पडत होती. दोष तिच्या तालाचा नव्हता. तिचाच आवाज तिला उशिरा ऐकू येत होता, आणि असं झालं की भलेभले अडखळतात.

म्हणून दुकानात ‘किती वॅट?’ विचारण्याआधी, तोंडातून निघालेला आवाज कानापर्यंत कुठल्या वाटेने येणार ते ठरवा.

१. आधी वाट आखा

वाटा दोन. ट्रॅक, म्हणजे गाण्याचं नुसतं संगीत, मोबाईल किंवा लॅपटॉपमधून मिक्सरमध्ये (वेगवेगळे आवाज एकत्र करणाऱ्या पेटीत) जातो; आवाज माईकमधून मिक्सरमध्ये आणि तिथून दोन्ही मिळून स्पीकरला. ट्रॅक मिक्सरपर्यंत ब्लूटूथने आला तरी बिघडत नाही. गाणारा जे ऐकतो त्यावरच गातो. फार तर पडद्यावरचे शब्द किंचित पुढे पळतात. माईकपासून स्पीकरपर्यंत मात्र ब्लूटूथ कुठेही नको. साधं ब्लूटूथ सहज १५० ते २०० मिलिसेकंद खातं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्या हिशेबाने २०० मिलिसेकंद म्हणजे स्पीकर जवळजवळ ६८ मीटरवर, सोसायटीच्या गेटबाहेर ठेवल्यासारखं! टीव्ही आणि साउंडबारमधूनही आवाज थोडा रेंगाळू शकतो.

दुकानातच तपासा: माईकसमोर जिभेने ‘टक्’ करा. दोन ‘टक्’ ऐकू आले तर ती जोडणी घेऊ नका.

२. पैसे आधी माईकवर

बहुतेक जण उलटं करतात, मोठा स्पीकर घेतात आणि त्याच्यासोबत फुकट आलेल्या माईकवर गातात. घरासाठी डायनॅमिक (वेगळा वीजपुरवठा न लागणारा), कार्डिऑइड माईक घ्या. कार्डिऑइड समोरचा आवाज घेतो, पाठीमागचा बराचसा टाळतो. १९६६ साली आलेला शूअरचा एसएम५८ याच जातीचा आणि आजही मंचावर दिसतो. मात्र त्याच्या नकला भरपूर फिरतात, तेव्हा बिलाशिवाय घेऊ नका. त्यापेक्षा स्वस्तातला पण अस्सल डायनॅमिक माईक बरा. स्टुडिओतला जास्त संवेदनशील कंडेन्सर माईक घरी नको. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माईकच्याच वायरमधून येणारी वीज) लागतो आणि तो पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, सगळं गोळा करतो.

वायर तीन पिनांची एक्सएलआर, म्हणजे साउंडवाले जिला ‘कॅनन’ म्हणतात ती. वायरलेस हवाच असेल तर यूएचएफ रेडिओ लहरींवर चालणारी, ब्लूटूथ नसलेली जोडी बघा, आणि दोन्ही माईक एकाच वेळी चालू करून तपासा. स्पीकर पोटात असलेला ब्लूटूथ माईक लहान मुलांना खेळायला ठीक आहे.

३. मिक्सर छोटाच, पण इकोवाला

दोन माईक आणि एक स्टिरिओ ट्रॅक, एवढ्याला चार चॅनेलचा पुरतो. माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, मोबाईलचा त्याच्या कितीतरी पट. म्हणून माईक ‘माईक’ लिहिलेल्या भोकातच लावा आणि ट्रॅक ‘लाइन’मध्ये. प्रत्येक माईकला वेगळा गेन (माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) आणि आतच इको किंवा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी सोय, असलेला मिक्सर निवडा. मोबाईलसाठी ३.५ मिलिमीटरच्या पिनेतून दोन पी-३८ (मिक्सरच्या भोकात बसणाऱ्या जाड पिना) फुटणारी वायर सोबतच घ्या, नाहीतर ऐन कार्यक्रमाच्या संध्याकाळी कुणालातरी बाजारात पिटाळावं लागतं.

माईकचं भोक असलेला ट्रॉली स्पीकर (चाकांचा, ओढून नेता येणारा) घेतलात तर मिक्सरचा खर्च वाचतो. मात्र बेसचा, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा, धुमधडाका सोसायची तयारी ठेवा.

४. स्पीकर

साध्या हॉलला ८ किंवा १० इंची एक ॲक्टिव्ह स्पीकर भरपूर होतो. ॲम्प्लिफायर त्याच्या आतच असतो. खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असं काही छापलेलं असेल तर तिकडे लक्षच देऊ नका, तो क्षणभराचा फुगवलेला आकडा असतो. आरएमएस आकडा, म्हणजे स्पीकर सलग पेलतो ती ताकद, विचारा.

५. मांडणी आणि शिट्टी

स्पीकर टीव्हीशेजारी, गाणारा त्याच्याकडे तोंड करून. म्हणजे माईकची शेपटी स्पीकरकडे राहते आणि कार्डिऑइडचा फायदा मिळतो. माईक खाली लटकवून स्पीकरसमोरून चालत गेलं की तो स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडतो आणि शिट्टी मारणारच. जाळी मुठीत धरणारे तर प्रत्येक घरात असतात. जाळीमागच्या ज्या वाटांनी माईक पाठीमागचा आवाज टाळतो, त्याच मुठीत बुजतात आणि तो चहूबाजूंचा आवाज ओढू लागतो. टाइल्सचा हॉल असेल तर सतरंजी अंथरा, पडदे ओढा. खूप फरक पडतो.

६. आवाज लावणं

आधी इको शून्यावर. गाण्यातली सर्वांत वरची, जोरकस ओळ म्हणून घ्या. लाल दिवा लुकलुकला की गेन थोडा मागे. मिक्सरवर लो-कट (अगदी खालचे आवाज कापणारं बटण) असेल तर दाबा, श्वासाची फुसफुस आणि हाताळणीची खडखड कमी होते. मग ट्रॅक आवाजाच्या किंचित खाली ठेवा. इको सगळ्यात शेवटी, चिमूटभर. जास्त इकोत बेसूर झाकतो असं वाटतं खरं, पण शब्द लोळतात आणि ऐकणाऱ्याला बेसूर कळतोच.

घुं असा आवाज येत असेल तर सगळ्या वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. तरी थांबेना तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बऱ्याचदा चोर तोच निघतो.

७. शेजारी

स्पीकर थेट फरशीवर ठेवला की ढोलकीचे ठोके स्लॅबमधून खालच्या घरात पोचतात. स्टुलावर ठेवा, खाली रबराचे तुकडे लावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आमच्याकडे पावणेदहाला गाणाऱ्याच्या नावाची शेवटची चिठ्ठी निघते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना आधीच गायला बोलावलेलं असतं.